‘तू हो पुढे, मी येते’

चिंचवडच्या एका वाचक भगिनींचे सहा पानी पत्र आले आहे. ते थोडक्यात असे:

“आमच्या लग्नाला सहा वर्षे झाली. जुलैमधल्या एका रविवारी आम्ही दोघे, नवऱ्याचे कॉलेजपासूनचे दोन मित्र, त्यांच्या बायका आणि एक अविवाहित मित्र असे सात जण लोहगडाला गेलो. मळवलीपर्यंत लोकलने आणि पुढे लोहगडवाडीपर्यंत जीपने. गणेश दरवाज्यानंतर एका मित्राची बायको दमली, म्हणून मी तिच्यासाठी थांबले आणि नवऱ्याला म्हटले, ‘तू हो पुढे, मी येते.’ दहा मिनिटांत वरून उतरणारे आणि खालून चढणारे असे काही अडकले, की पाऊल उचलता येईना. आम्ही दोघी पावणेदोन तास त्या पायऱ्यांवर होतो. पाऊस सुरू होता, फोनला रेंज नव्हती आणि तिला श्वास घेता येत नव्हता. माझ्या खालच्या पायरीवर एक बाई होत्या. त्यांचा पाच-सहा वर्षांचा मुलगा मोठ्या माणसांच्या कमरेइतक्या उंचीवर चेंगरत होता. त्यांनी तो उचलून माझ्या हातात दिला. त्याचा चिखलाचा बूट माझ्या पोटात रुतत होता आणि तो सारखा विचारत होता, ‘काकू, वर काय आहे?’ मला माहीत नव्हते. शेवटी काही लोकांनी आरडाओरडा करून खालून येणाऱ्यांना थांबवले, तेव्हा आम्ही उतरलो. नवरा चार वाजता बाकीच्यांबरोबर खाली आला. तो विंचूकाट्याच्या, म्हणजे गडाच्या लांब सोंडेच्या, टोकापर्यंत जाऊन आला होता. मित्र म्हणाला, ‘वहिनींना गर्दीची सवय नाही,’ आणि सगळे हसले, नवराही हसला. रात्री ग्रुपवर विंचूकाट्यावरचे फोटो आले आणि खाली ‘अविस्मरणीय दिवस’ असे लिहिले होते. तो म्हणतो, की महादरवाज्यापाशी तो अर्धा तास थांबला, पण खाली उतरणे शक्यच नव्हते. याला तीन आठवडे झाले. घरात सगळे नेहमीसारखे आहे, पण माझे मन त्याच्याशी बोलत नाही. आता येत्या रविवारी राजमाचीचा बेत आहे. मी फार मनाला लावून घेते आहे का? – विंचूकाट्यापर्यंत न पोहोचलेली.”

स. न. वि. वि.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दुसऱ्या वेळी हातात पेन्सिल घेतली. तुमच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. तुम्ही फार मनाला लावून घेत नाही आहात. मात्र, तुम्ही जे मनाला लावून घेतले आहे त्यात दोन-तीन निरनिराळ्या गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत आणि त्यांतली एक तुमच्या पतींच्या खात्यावर चुकीने मांडली गेली आहे, असे मला वाटते. त्या सुट्या करू या.

आधी त्या पायऱ्यांविषयी, कारण ‘गर्दीची सवय नाही’ हे वाक्य मला तुमच्याइतकेच खटकले आहे. लोहगडाची वाट गणेश दरवाजा, नारायण दरवाजा, हनुमान दरवाजा आणि महादरवाजा अशा चार दरवाज्यांतून नागमोडी वर जाते. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला तटबंदी आणि प्रत्येक वळणावर पुढचा दरवाजा दृष्टीआड, अशी ही रचना ज्यांनी केली, त्यांच्या मनात येणारा माणूस पाहुणा नव्हता. चढून येणाऱ्या फौजेला एका वेळी फार माणसे पुढे सरकवता येऊ नयेत, मागच्यांना पुढे काय चालले आहे ते कळू नये आणि सगळा जमाव एका चिंचोळ्या जागेत कोंडला जावा, हाच तिचा हेतू होता. शेकडो वर्षांनंतर ती रचना दर पावसाळी रविवारी आपले काम चोख बजावते, एवढेच की आता तिच्यात रेनकोट घातलेले आणि हातात कणसे धरलेले लोक सापडतात. 2023 च्या पावसाळ्यातही याच पायऱ्यांवर पर्यटक तासन्‌तास अडकून पडले होते आणि त्याची चित्रफीत घरोघरी पाहिली गेली. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यांत लोहगड आहे. त्यामुळे तिथली वर्दळ यापुढे कमी होईल अशी आशा कोणी बाळगू नये.

आणि भीतीविषयी. एका चौरस मीटरमध्ये पाच-सहा माणसे उभी राहिली, की माणसाचे स्वतःच्या इच्छेने हलणे बंद होते आणि तो गर्दी नेईल तिकडे जाऊ लागतो. अशा ठिकाणी माणसे दगावतात ती बहुतेक वेळा तुडवली गेल्यामुळे नव्हे, तर उभ्या जागी छाती दाबली जाऊन श्वास न घेता आल्यामुळे. मांढरदेवीला जानेवारी 2005 मध्ये ओल्या, निसरड्या पायऱ्यांवर जे घडले, त्यात अडीचशेहून अधिक माणसे गेली. मुंबईत 29 सप्टेंबर 2017 रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद जिन्यावर पावसामुळे थांबलेली गर्दी आणि नव्याने येणारी गर्दी एकमेकींवर आली, तेव्हा वीसहून अधिक गेली. तुमची मैत्रीण ‘श्वास येत नाही’ म्हणत होती, तेव्हा ती घाबरट नव्हती. तिचे शरीर तिला अगदी खरी बातमी देत होते. तुम्ही तिला धरून उभ्या राहिलात, तिला बसू दिले नाहीत आणि एका परक्या मुलाला गर्दीच्या वर उचलून धरलेत. या तिन्ही गोष्टी जाणकार माणसाने सांगाव्यात तशाच तुम्ही केल्या. (एक चौथीही ध्यानात ठेवा: दोन्ही हात कोपरात वाकवून छातीपुढे आडवे धरावेत, म्हणजे फासळ्यांना हलायला वीतभर जागा राहते. मूल हातात असताना ते तुम्हाला जमले नसते, हे उघड आहे.) ज्या मित्राने तो विनोद केला, त्याचीच पत्नी तुमच्या खांद्यावर डोके टेकून उभी होती, हे त्याला त्या क्षणी ठाऊक होते की नाही, कोण जाणे.

आता तुमच्या पतींकडे येते. तुमच्या सहा पानांत ‘तो अर्धा तास थांबला होता’ हे वाक्य एकदाच आले आहे, तेही पाचव्या पानाच्या तळाशी, दोन ओळींच्या मध्ये बारीक अक्षरात घुसवलेले. मी पेन्सिलीने त्याच्याखाली रेघ ओढली. तुम्ही ते लिहून ठेवलेत, कारण तुम्ही प्रामाणिक आहात. बारीक लिहिलेत, कारण ते तुमच्या रागाला अडचणीचे आहे. वर अडकलेल्या माणसाने खाली रेटा देऊन उतरू नये, हे त्या प्रसंगी सर्वांत शहाणपणाचे वागणे होते. वरून दहा नवरे आपापल्या बायकांना शोधायला त्या पायऱ्यांवर घुसले असते, तर त्यांचे वजन शेवटी तुमच्याच पाठीवर आले असते. तेव्हा तो आला नाही, याबद्दल त्याला माफ करा. किंबहुना तिथे माफ करण्यासारखे काही नाहीच. एकमेकांपासून तुम्हाला गर्दीने तोडले. तो हिशेब ज्या व्यवस्थेने रविवारी माणसे मोजून वर सोडायची, तिच्याकडे मागायला हवा.

मात्र अर्ध्या तासानंतर तो विंचूकाट्याकडे निघाला, तिथे मी त्याच्या बाजूने उभी राहू शकत नाही. विंचूकाटा म्हणजे गडाच्या एका अंगाने पुढे गेलेली, सुमारे दीड किलोमीटर लांबीची चिंचोळी सोंड. पावसात, निसरड्या दगडांवरून तिच्या टोकापर्यंत जाऊन परत यायला रमतगमत तास-दीड तास सहज जातो. खाली बायको अडकली आहे, फोन लागत नाही, अशा वेळी माणूस दरवाज्यापाशी काही करू शकत नसेल, तरी तिथेच थांबतो. थांबण्याने काही साधत नाही हे खरे. पण आजारी माणसाच्या खोलीबाहेर बाकावर बसून राहण्यानेही काही साधत नाही, आणि तरी आपण बसतो. त्याने चार मित्रांना सांगायला हवे होते, ‘तुम्ही जाऊन या, मी इथे आहे.’ एवढे एक वाक्य त्याच्याकडून राहिले. त्याहून वाईट म्हणजे ते हसणे. विंचूकाट्याला जाण्यात विचार कमी पडला असे म्हणता येईल, परंतु भर चौघांत तुमच्यावर विनोद झाला तेव्हा त्याने आपण कोणाच्या बाजूला उभे आहोत ते दाखवले आणि तो तुमच्या बाजूला नव्हता. तुमचे मन त्याच्याशी बोलत नाही ते या क्षणापासून, पायऱ्यांवरच्या पावणेदोन तासांपासून नव्हे. पत्रातला क्रमही तेच सांगतो: पायऱ्यांचे वर्णन तुम्ही स्पष्ट, जवळजवळ शांतपणे केले आहे आणि हसण्याच्या ओळीवर आल्यावर खाडाखोड सुरू होते.

आता थोडे तुमच्या वाक्याविषयी. ‘तू हो पुढे, मी येते.’ हे वाक्य आपल्याकडच्या बायका दिवसातून तीनदा बोलतात, आणि त्याचे दोन अर्थ असतात हे आपल्याला माहीत असते, नवऱ्यांना बहुधा नसते. एक अर्थ सरळ आहे. दुसरा अर्थ असा, की मी म्हणते आहे खरे, पण तू थांबलास तर मला बरे वाटेल. तुमचा त्या दिवशी कोणता होता, हे तुम्हीच मनाशी तपासा. पहिला असेल, तर त्याने ऐकले ते बरोबरच केले. दुसरा असेल, तर तो त्याला ऐकू गेला नाही, आणि दरवाज्यात पाचशे माणसे खेटून उभी असताना तो ऐकू जावा अशी अपेक्षा ठेवणे थोडे जास्त होते. ‘थांब, हिला बरे वाटत नाही’ असे म्हणणे तुम्हाला जड गेले असणार, कारण मित्रमंडळींत आपल्यामुळे खोळंबा झाला असे होऊ नये, ही काळजी आपणच घेत असतो. ती काळजी कोणी घेतली हे मात्र नंतर कोणाला आठवत नाही.

इथे माझी एक गोष्ट सांगते, कारण ती तुमच्या लोहगडाच्या समोरच घडली आहे. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी आम्ही माझ्या नणंदेच्या कुटुंबाबरोबर चैत्रात कार्ल्याला एकवीरेच्या दर्शनाला गेलो होतो. पालखीच्या गर्दीत मी सगळ्यांपासून तुटले, चप्पल गेली, आणि तासाभराने अनवाणी खाली उतरून येते तो आमचे हे चहाच्या टपरीपाशी उभे, हातात कप. एक कप. मला पाहून ते म्हणाले, ‘अगं, होतीस कुठे?’ आणि उरलेला घोट संपवला. मी त्या दिवशी काही बोलले नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तो एक कप मी अकरा वर्षे सांभाळला. कुठल्याही भांडणात, मग ते विजेच्या बिलावरून का असेना, तो कप माझ्या डोळ्यांपुढे यायचा आणि माझा आवाज चढायचा, आणि बिलावरून एवढे काय चिडायचे हे त्यांना कळत नसे. अकरा वर्षांनी एकदा बोलले, तेव्हा ते म्हणाले, की दोन कप सांगितले होते, दुसरा गार झाला म्हणून परत द्यायला लावला. हे खरे की सोयीचे, ते मी अजून ठरवलेले नाही. पण तीन आठवडे आणि अकरा वर्षे यांत निवड करायची असेल, तर तुम्ही आत्ताच बोला, एवढे मी अनुभवाने सांगू शकते.

कसे बोलावे, तेही सांगते. ‘तू असाच आहेस’, ‘तुला माझी पर्वाच नाही’ यांपासून सुरुवात केलीत, तर तो त्या अर्ध्या तासाचा बचाव काढेल, तुम्ही विंचूकाटा काढाल आणि दोघांचीही रात्र फुकट जाईल. त्याऐवजी त्याला ते पावणेदोन तास सांगा, जसे मला लिहिलेत तसे. तुमच्या पत्रावरून मला दाट शंका आहे, की त्या मुलाचे तुम्ही त्याला सांगितलेलेच नाही. पोटात रुतणारा बूट, ‘काकू, वर काय आहे’, पुढच्या माणसाच्या रेनकोटावरून तुमच्या मनगटात शिरणारे पाणी, मैत्रिणीने नखे रोवून धरलेला तुमचा दंड, यांतले त्याला काही माहीत नाही. त्याच्याजवळ त्या दिवसाचे फोटो आहेत आणि त्या सगळ्या फोटोंत धुके, हिरवळ आणि पाच हसरे चेहरे आहेत. तो दिवस अविस्मरणीय होता असे त्याने लिहिले तेव्हा तो खोटे बोलत नव्हता, कारण त्याने पाहिलेला दिवस तसाच होता. तुमच्या दिवसाचा फोटो कोणी काढला नाही. तेव्हा तो शब्दांत दाखवा आणि मध्ये कुठेही ‘आणि तू तेव्हा...’ असे जोडू नका. ते जोडण्याचे काम त्याचे त्याला करू द्या. ऐकून झाल्यावर एकच गोष्ट स्पष्ट मागा: ‘तुझा मित्र बोलला तेव्हा तू हसलास, ते मला लागले. पुन्हा असे झाले, तर तू हसू नयेस.’ याहून जास्त काही मागू नका. मित्राने माफी मागावी, त्याने ग्रुपवरून फोटो काढावेत, असल्या मागण्यांनी गोष्ट तुमच्या दोघांतून बाहेर जाते आणि पाच जणांच्या चर्चेला विषय मिळतो.

बोलण्याची जागा आणि वेळही निवडा. जेवणाच्या ताटावर नको, गाडीत त्याच्या हाती स्टिअरिंग असताना नको, आणि तुमच्या सासूबाई शेजारच्या खोलीत जाग्या असताना तर मुळीच नको. शनिवारी संध्याकाळी दोघे पायी फिरायला जाता असे तुम्ही लिहिले आहे, ते उत्तम. चालताना माणूस समोर पाहतो, तोंडाकडे पाहत नाही, त्यामुळे त्याला ऐकून घेणे सोपे जाते.

तुमच्या त्या मैत्रिणीला मात्र आजच फोन करा. तिची चौकशी करा, झोप नीट लागते का, गर्दीत किंवा लिफ्टमध्ये छातीत धडधडते का, ते विचारा. अशा प्रसंगानंतर काही जणांना काही दिवस तसे होते. बहुतेकांचे आपोआप ओसरते, आणि महिनाभरात ओसरले नाही तर डॉक्टरांना दाखवायला हवे, हेही तिला सांगा. पण दोघींनी मिळून नवऱ्यांविरुद्ध आघाडी उघडू नका. तिने आपल्या घरी काय बोलायचे, ते तिचे तिला ठरवू द्या.

पुढच्या सहलींसाठी एक-दोन साध्या गोष्टी ठरवून घ्या आणि त्या तुमच्या पतींनी मित्रांसमोर मांडाव्यात, तुम्ही नव्हे. सगळ्यांत मागे कोण चालणार ते आधी ठरलेले असावे आणि त्याच्या मागे कोणी राहू नये. डोंगरात नियमित जाणारे गट हे पाळतात. रेंज नसेल तर चुकामूक झाल्यावर कुठे भेटायचे, ती जागा पायथ्याची असावी, वरची नसावी. तुमच्या गोंधळात पाण्याची बाटली आणि गोळ्या-बिस्किटांची पिशवी अविवाहित मित्राच्या पाठीवर वर गेली आणि तुम्ही दोघी पावणेदोन तास पावसात तहानलेल्या राहिलात, हे वाचून मला हसू आले आणि नंतर वाईट वाटले. प्रत्येकाने आपली बाटली आपल्यापाशी ठेवावी. आणि पावसाळ्यात रविवारी दहानंतर लोहगड, भुशी धरण किंवा त्या पट्ट्यातले कुठलेही नावाजलेले ठिकाण, हा बेतच मुळात टाळावा. लोणावळा परिसरात अपघातांनंतर प्रशासन पावसाळ्यात बंदीचे आदेशही काढते, तेव्हा निघण्याआधी त्या आठवड्यात काय चालू, काय बंद आहे ते पाहून घेणे बरे.

राहिला विंचूकाटा. तुमची सही वाचून मला वाटते, की तिथे पोहोचायचे तुमच्या मनात अजून आहे. मग पावसाचा जोर ओसरल्यावर, सप्टेंबरअखेरीस, आठवड्यातल्या एखाद्या मधल्या दिवशी दोघांनी रजा काढा आणि सकाळच्या लोकलने मळवलीला उतरा. जीप करू नका. भाजे गावाच्या बाजूने पायी गेलात, तर दीड-दोन तासांत लोहगडवाडी येते आणि वाटेत बोलायला भरपूर वेळ मिळतो. त्या दिवसांत त्याच पायऱ्यांवर तुम्हाला दोन-चार माणसे आणि एखादे कुत्रे भेटेल. नारायण दरवाज्यापाशी थांबून भिंतीला हात लावा, तुम्ही उभ्या होतात ती पायरी त्याला दाखवा. महादरवाज्यातून आत गेल्यावर टाकी, दर्गा, महादेवाचे छोटे देऊळ आणि मग ती लांब सोंड आहे, जिच्या टोकावरून पवना धरणाचे पाणी दिसते.

राजमाचीच्या बेताला या रविवारी नाही म्हणा. नाही म्हणण्याचे काम तुमच्या पतींना करू द्या, आणि ‘हिला बरे नाही’, ‘हिला गर्दी नको वाटते’ असे काही न लिहिता त्यांनी ग्रुपवर एवढेच लिहावे: ‘आम्ही दोघे या वेळी येत नाही.’